पंगतीचा दरवाजा

मी दरवाजा आहे, आणि मला स्वस्थ बसवत नाही. वारा नसला तरी मी हलतो. कडी लावली तरी थोड्या वेळानं किलकिला होतो. घरातली माणसं वैतागून बिजागरीला तेल घालतात, खाली लाकडाची पाचर ठोकतात. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा माझी कुरकुर सुरू. पूर्वी मी असा नव्हतो. दरवाज्याचं कोण ऐकून घेतं म्हणा, पण तुम्ही उंबऱ्यात उभेच आहात, तर ऐका.

मेरीलँडात, अँटीटम ओढ्याच्या उगवतीच्या काठावर, शार्प्सबर्गकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून हे शेतघर आहे. घरधनी योनासच्या बापानं मागच्या उतारावरचा जुना अक्रोड पाडला आणि त्यातून मला घडवलं. दोनच रुंद फळ्या. आतली बाजू त्यानं रंधा मारून मारून गुळगुळीत केली, बाहेरची मात्र तशीच खरबरीत ठेवली. शेजारी म्हणायचे, "जी बाजू लोकांना दिसते तिला सजवायची सोडून हे काय उलटंच?" म्हातारा नुसता हसायचा.

कारण मी नुसता दरवाजा नव्हतो. माझ्या बिजागऱ्या खुंट्यांवर बसवलेल्या आहेत. दोघांनी धरून वर उचललं की मी अलगद निघून येतो. वर्षातून दोनदा मला असं काढायचे, लाकडी घोड्यांवर आडवं टाकायचे, गुळगुळीत बाजू वर करून. मग मी मेज व्हायचो. प्रीतिभोजनाचं मेज.

ही माणसं ओढ्यात तीनदा बुचकळून बाप्तिस्मा देतात, म्हणून गाव त्यांना डंकर म्हणतं, म्हणजे बुचकळणारे. ती स्वतःला बंधुमंडळी म्हणवतात. लढायचं नाही, शपथ घ्यायची नाही, खोटं बोलायचं नाही, असे त्यांचे नेम. जवळच्या मंडळीनं पुढे पांढरं प्रार्थनाघर बांधलं, पण आमची मंडळी लहान आणि जुन्या वळणाची. ती घरातच जमायची. भोजनाआधी प्रत्येकानं शेजारच्याचे पाय धुवायचे, पुसायचे. मग मेंढीच्या मांसाचा रस्सा आणि त्यात बुडवलेला पाव. चौघाजणांत एक वाडगं. मी कितीतरी पंगती अंगावर घेतल्या. सांडलेला रस्सा माझ्यात मुरला आहे आणि त्याचा मला अभिमान होता.

आणि एक नेम होता. मंडळीनं ज्याला वाळीत टाकलं, त्याच्याबरोबर एका मेजावर जेवायचं नाही. तो पोटचा पोर असला तरी नाही. त्याला जेवू घालायचं, पण वेगळं. आणि जो त्याच्याबरोबर जेवेल, तोही वाळीत.

योनास आणि काटरिना यांचा गिदोन एकुलता एक. लहानपणी त्याच्या पायावर कुऱ्हाड पडली होती, तेव्हापासून उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं. बाप्तिस्म्यानंतर तो पहिल्यांदा पंगतीला बसला तेव्हा बापानं त्याचे पाय धुतले, आणि धुता धुता ते वाकडं बोट चिमटीत धरून हळूच हलवलं. सगळे माना खाली घालून प्रार्थनेत, आणि गिदोनला हसू आवरेना. योनासला असली थट्टा जमत असेल, असं त्याच्या दाढीकडे बघून कोणाला वाटलं नसतं.

मग गुलामगिरीवरून देशात यादवी सुरू झाली. उत्तरेचे निळे, दक्षिणेचे करडे, आणि आमचं मेरीलँड राज्य मधल्या मध्ये. पण आमच्या घरात फूट पडली ती तोफांनी नाही. एक गुलाम बाई मालकाकडून पळून आली. काटरिनानं तिला जेवू घातलं आणि मक्याच्या कोठीत लपवलं. दुसऱ्या दिवशी दोन घोडेस्वार आले. माझ्यावर चाबकाची मूठ आपटून एकानं विचारलं, "काय हो, कोणी काळी बाई आलीय का इकडे?"

योनास माझ्यावर हात ठेवून उभा होता. खरं सांगायचं नव्हतं, आणि खोटं बोलणं त्याच्या हाडात नव्हतं. म्हणून तो गप्प राहिला. पण डंकर गप्प झाला म्हणजे काय, हे आमच्या भागात पोरासोरांनाही ठाऊक. ते दोघं हसले, सरळ कोठीकडे गेले आणि तिला बांधून घेऊन गेले.

त्या संध्याकाळी गिदोन जेवला नाही. "एक 'नाही' म्हणाला असतात, बाबा," तो म्हणाला. "एवढासा शब्द."

"खोटं झालं असतं ते."

"मग आता जे झालं ते खरं झालं, एवढंच ना?"

पुढच्याच आठवड्यात गिदोन फ्रेडरिक शहरात जाऊन निळ्या पलटणीत भरती झाला. त्याला वाळीत टाकायची सभा आमच्याच घरात भरली. मंडळीचे प्रमुख, वडीलधारे टोबियस यांनी विचारलं, आणि पहिला हात वर गेला तो योनासचा. काटरिना त्या वेळी चुलीशी होती. तिथं काही करायचं नव्हतं, तरी ती तिथंच होती.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी रस्ता निळा झाला. दिवसभर पलटणी येतच होत्या. त्यांतून एक धुळीनं माखलेला पोरगा बाजूला झाला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी ओळखला. योनासनं मला उघडलं, पण पुरतं नाही.

"भूक लागलीय," गिदोन म्हणाला.

"पडवीत बस. तुझं ताट तिथं येईल."

"मला घरात घेणार नाही?"

"नेम तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. वाटलं, तुम्ही विसरला असाल." तो हसला, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "उद्या-परवा मोठी धुमश्चक्री होणार म्हणतात. जेवायला वेळही नाही म्हणा."

विहिरीवर पाणी पिऊन तो निघून गेला. काटरिना फडक्यात पाव बांधून धावत आली तोवर रस्त्यावर सगळेच निळे, सगळेच धुळीचे. ती हाका मारत राहिली. कोणीतरी दुसऱ्यानंच तो पाव घेतला आणि टोपी काढून तिचे आभार मानले.

मंगळवारी योनासनं घोडी गाडीला जोडली, गाई मागे बांधल्या, आणि दोघं नवराबायको डोंगरावर तिच्या भावाकडे गेली. सैन्य कोणाचंही असो, जनावरं सोडत नाही. जाताना त्यानं मला ओढून घेतलं. कुलूप मला कधी नव्हतंच.

बुधवारी उजाडायच्या आतच तोफा सुरू झाल्या. माझे खुंटे खिळखिळले, काचा थरथरल्या. पलीकडच्या काठावर आधी मक्याच्या शेतात, मग खोलगट गाडीवाटेत, मग खाली पुलाशी, अशी ती लढाई दिवसभर सरकत राहिली आणि आवाज काही थांबेना. दरवाज्याला पळता येत नाही. जागच्या जागी धडधडणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकलो. एका दिवसात वीस हजारांहून जास्त माणसं पडली, असं पुढे लोक बोलताना ऐकलं. मला तो आकडा कळत नाही. मला वजन कळतं.

दुपारी गाड्या आल्या, माणसांनी भरलेल्या. अंगणात जागा उरली नाही. दोन शिपायांनी मला धरून हिसका दिला, आणि मी नेहमीसारखा सहज वर आलो.

"अरे, हा तर उचलूनच येतो," एकजण म्हणाला. "आपल्यासाठीच केला असावा."

आणि खरं सांगतो, एक क्षणभर मला वाटलं, पंगत आहे. अंग आपोआप तयार झालं. त्यांनी मला नासपतीच्या झाडाखाली दोन पिपांवर टाकलं, गुळगुळीत बाजू वर. मग सर्जन आला, बाह्या वर केलेला, आणि त्यानं माझ्यावर करवत ठेवली.

त्या दिवशी माझ्यावर किती जण आले आणि गेले ते विचारू नका. निळेही होते आणि करडेही, आणि माझ्या अंगावर त्यांच्यात काही फरक पडत नव्हता. ओरडणारे होते, आईला हाका मारणारे होते, आणि एक अगदी सभ्यपणे सर्जनला "माफ करा, तुमचे हात भरवले" म्हणणारा होता. उन्हं उतरायला लागली तेव्हा त्यांनी ज्याला आणून टाकलं, त्यानं पडल्या पडल्या हात पसरून माझी कड चाचपली.

"हे आमचं मेज आहे," गिदोन म्हणाला.

"गुंगीत बडबडतोय," मदतनीस म्हणाला.

"गुंगीचं औषध अजून दिलंच नाहीये," सर्जन म्हणाला, आणि वाकला. "कसलं मेज, पोरा?"

"पंगतीचं. माझी जागा या टोकाला. मला इथून उठवणार नाही ना कोणी?"

सर्जन थकलेला होता, तरी क्षणभर थांबला. "नाही. कोणी उठवणार नाही," तो म्हणाला, आणि औषधाचा रुमाल त्याच्या नाकाशी धरला.

उजवा पाय गुडघ्याखालून कापला गेला. करवत शेवटी माझ्यात उतरली, ती खूण आजही आहे. पाय त्यांनी खिडकीखालच्या ढिगात टाकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिदोनला इतरांबरोबर गाडीत घालून फ्रेडरिकच्या वाटेला लावलं. तो शुद्धीत नव्हता. गाडी वळणाआड गेली.

त्याच दुपारी योनास आणि काटरिना परतली. अंगण, गोठा, पडवी, सगळीकडे माणसं. काटरिनानं बादली घेतली आणि पाणी पाजत सुटली. योनासनंही बादली घेतली, पण तो गुडघ्यांवर बसला आणि जखमींचे पाय धुवायला लागला.

"म्हातारबा, लोक तहानेनं मरतायत आणि तुम्ही पाय कसले धुताय?" मदतनीस चिडून म्हणाला.

"मला एवढंच येतं," योनास म्हणाला.

त्या माणसाला काय कळणार? बंदुकीच्या दारूच्या धुरानं सगळी तोंडं काळी झाली होती. पण योनासनं जन्मभर माणसांचे पाय हातात घेतले होते. मंडळीतला कोणता भाऊ कोण, हे तो डोळे मिटून पावलावरून सांगायचा. बूट काढायचा, चिखल धुवायचा, बघायचा, पुसायचा, पुढच्याकडे सरकायचा. मी पिपांवर पडल्या पडल्या बघत होतो. मला ओरडून सांगायचं होतं, तो इथं नाही, गाडी सकाळीच गेली, घोडी जोड. पण माझ्याकडे शब्द नाहीत, नुसती करकर आहे, आणि त्या दिवशी तीही नव्हती, कारण मी बिजागरीवर नव्हतो.

अंगण संपलं, गोठा संपला. मग योनास खिडकीखाली गेला. तिथं तो बराच वेळ होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात अंगरख्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि त्यानं काटरिनाला उघडून दाखवलं ते फक्त वाकडं बोट.

"गेला?" तिनं विचारलं.

"पाय गेला," तो म्हणाला. "बाकीचं माहीत नाही."

घरामागे मंडळीची दफनभूमी आहे. योनास तिथं खणायला लागला तेव्हा टोबियस कुंपणापाशी आले. म्हातारा माणूस, सगळ्यांसारखाच दोन दिवस झोपलेला नव्हता.

"योनासभाऊ, वाळीत टाकलेल्याला इथं जागा नाही. नेम तुझ्याच बापाच्या वेळचा आहे."

"वाळीत गिदोनला टाकलंय. हा नुसता पाय आहे."

टोबियसनी दाढी खाजवली. "पण भाऊ, पलटणीत चालत कोण गेलं? पायच ना?"

योनास कुदळीवर टेकून त्यांच्याकडे बघत राहिला. दुसरा कोणी असता तर त्यानं कुदळ फेकून मारली असती. पण योनास मारत नाही, आणि टोबियस चेष्टा करत नव्हते, त्यांना खरंच पेच पडला होता. शेवटी योनास मुकाट्यानं नासपतीच्या झाडाखाली आला. टोबियसही मागोमाग आले, आणि त्याच्या हातातली कुदळ घेऊन त्यांनीच खड्डा खणला. "नीट सरळ ठेव," ते म्हणाले. "वाकडा पुरला तर तिकडे त्याला कळ येते म्हणतात. जिवंत असला तर."

योनास फ्रेडरिकला जाऊन आला. तिथल्या चर्चमध्ये, शाळेत, गुदामात, सगळीकडे खाटाच खाटा. कोणी म्हणालं बाल्टिमोरला हलवला, कोणी म्हणालं ज्यांची नावं कळली नाहीत त्यांना मागे पुरलंय, बघा हवं तर. तो परत आला आणि त्यानं मला पुन्हा बिजागरीवर चढवलं. आधी रंधा मारून बघितला. डाग खोल होता, फळी पातळ व्हायला लागली तरी निघेना.

"राहू दे," काटरिना म्हणाली. "त्यात त्याचंही असेल."

पाण्यानं आणि बाकीच्यानं मी फुगलो होतो, पिळवटलो होतो. तेव्हापासून मी चौकटीत नीट बसत नाही. रस्त्यावर चाक वाजलं की मी हलायचो, कुबडीसारखं काही टकटकलं की उघडायचो. योनास दर वेळी उठून यायचा, रस्त्याकडे बघायचा, मला लावायचा. शरद ऋतूतलं प्रीतिभोजन आलं तेव्हा टोबियसनी मेज मागितलं. योनास म्हणाला, "यावर बसलेले सगळे अजून उठलेले नाहीत." भोजन दुसऱ्यांच्या घरी झालं. तो गेला, पण त्यानं वाडग्याला हात लावला नाही.

डिसेंबरातला रविवार होता. सगळी मंडळी टोबियसांच्या घरी सभेला गेलेली. रस्त्यावर खरोखरच कुबडी वाजली, आणि मी उघडलो, सताड. मला तेवढंच जमतं. गिदोन पायऱ्या चढून आला, उंबऱ्याशी थांबला, आणि हसून त्यानं मला परत लोटलं. मग तो पडवीच्या फळ्यांवर बसला, भिंतीला टेकून.

योनासची गाडी सगळ्यांत आधी परतली. काटरिना गाडी थांबायच्या आत उतरली आणि पोराचं डोकं छातीशी धरून उभी राहिली. योनास मात्र लगाम हातात धरून बसून राहिला होता, उतरायचं विसरल्यासारखा.

"मी जागेवरच बसलोय, बाबा," गिदोन म्हणाला. "ताट इथं येतं म्हणे."

योनास उतरला. "पाय दुखतो का?"

"जो नाही, त्याचं बोट खाजतं."

"झाडाखाली आहे. सरळ ठेवलाय."

"मग उगाच खाजतंय म्हणायचं." दोघंही थोडं हसले. मग गिदोन म्हणाला, "मी त्या मेजावर झोपलो होतो. माझ्या टोकाला. कोणी उठवलं नाही."

योनासनं माझ्याकडे बघितलं. "तू सभेसमोर उभा राहा," तो म्हणाला. "चुकलो म्हण. टोबियस स्वतः तुझे पाय..." तो थांबला. "तुझा पाय धुतील."

"माणसांवर गोळ्या झाडल्या, त्याचं वाईट वाटतं. रोज वाटतं. ते म्हणेन," गिदोन म्हणाला. "पण गेलो ते चुकलो, असं नाही म्हणता येणार. या घरात खोटं बोलत नाहीत."

मी श्वास रोखला, म्हणजे हललो नाही. योनास आत गेला. मला वाटलं, आता ताट येईल. एक ताट, वेगळं. चुलीवरचं झाकण वाजलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक वाडगं होतं, पंगतीतलं, चौघांचं, आणि काखेत पाव. तो पोराशेजारी फळ्यांवर बसला, पाव मोडला, रस्स्यात बुडवला, आणि आधी स्वतः खाल्ला. मग वाडगं गिदोनकडे सरकवलं.

"बाबा, लोक सभेवरून परततायत. रस्त्यावरून सगळं दिसतं."

"खा तू."

टोबियसांची गाडी आली आणि थांबली. मागच्या गाड्याही थांबल्या.

"योनासभाऊ," टोबियस म्हणाले, "मला दिसतंय."

"दिसावं म्हणूनच बाहेर बसलोय, भाऊ."

"मग मला विचारावं लागेल. सगळ्यांसमोर."

"विचारा. या वेळी मी गप्प राहणार नाही."

टोबियसांची नजर उंबऱ्याकडे गेली. काटरिना तिथं उभी होती, एक हात माझ्यावर. तिच्या बहिणी त्या गाड्यांत होत्या, तिची म्हातारी आई होती. यापुढे नवऱ्याबरोबर जेवली तर तीही त्यांना दुरावणार होती. न जेवली तर नवरा आणि पोर बाहेर, आणि ती आत. तिच्या हाताचा घाम मला जाणवत होता. एवढ्या वर्षांत तिनं सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि तेव्हाही उघडलं नाही. ती बाहेर आली, मला मागून घट्ट ओढून घेतलं, आणि वाडग्याच्या तिसऱ्या बाजूला जाऊन बसली.

त्या दिवशी मी नीट बसलो चौकटीत. तेवढा एकच दिवस.

महिन्याभरात दोघांनाही वाळीत टाकलं. टोबियसांनी हात वर केला तेव्हा ते रडत होते, असं मी ऐकलं. तिघं पुढे कित्येक वर्षं इथंच राहिली, इथंच जेवली, आणि मंडळी रस्त्यानं जाताना मान वळवायची. टोबियस तेवढे वळवत नसत.

आता घरात दुसरी माणसं आहेत. लढाईचं मैदान बघायला लोक येतात, आणि कोणीतरी त्यांना इथं आणतं. मला उघडून डाग दाखवतात, करवतीची खूण दाखवतात. लोक बोट फिरवतात, चुकचुकतात, आणि लगेच पुढे, पुलाकडे. ही घाई मला सहन होत नाही. मी कुरकुरतो, तर म्हणतात, जुनं लाकूड आहे.

तुम्ही आलाच आहात, तर एवढं करा. डाग बघून झाले की मला लावून घ्या आणि पडवीत जरा टेका. जवळ भाकरतुकडा असेल तर काढा, आणि शेजारी जो कोणी बसला असेल त्याला आधी द्या. रस्त्यावरून कोणी बघत असलं, तर बघू द्या.